मी ऑफिसात 'समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला' (कुणीतरी छत्री विसरलंय) असं लिहिलं, तर साहेबांनी 'देअर' खोडून 'हिज' केलं. इंग्रजीतलं 'दे' हे सर्वनाम एका माणसासाठी चालतं का? ते आलं कुठून?

चालतं. 'समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला' हे तुमचं वाक्य बरोबरच होतं. त्यातलं 'देअर' खोडून 'हिज' करणाऱ्या तुमच्या साहेबांना विचारा, छत्र्या काय फक्त पुरुषच विसरतात?

एकवचनी 'दे' हे आजकालच्या पोरांनी काढलेलं खूळ नाही. चौदाव्या शतकापासून ते लेखी सापडतं. मुळात हा शब्द इंग्रजांचा नव्हेच. नवव्या शतकात व्हायकिंग लोक उत्तर आणि पूर्व इंग्लंडात येऊन वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतून तो आला. भाषा नामं-क्रियापदं सर्रास उसनी घेते, सर्वनाम सहसा घेत नाही. पण जुन्या इंग्रजीतली 'तो', 'ती' आणि अनेकवचनी 'ते'ची रूपं एकमेकांच्या इतकी जवळ आली होती, की बोलणं कुणाबद्दल चाललंय याचा घोळ व्हायचा. दक्षिणेत हा बदल सावकाश पोचला. लंडनचा कवी चॉसर १४०० साली वारला. तो 'दे' लिहायचा, पण 'देम'च्या जागी जुनं 'हेम'च. आज बोलताना 'गेट एम' म्हणतात त्यातला 'एम' हा त्या 'हेम'चाच वारस.

'पण ते अनेकवचन आहे' म्हणणाऱ्यांनी 'यू'कडे बघावं. तेही अनेकवचनच होतं, एकाला 'दाऊ' म्हणायचे. १६६० साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जॉर्ज फॉक्सनं एकट्या माणसाला 'यू' म्हणण्याविरुद्ध अख्खं पुस्तक छापलं. 'यू'ला काही फरक पडला नाही. आणि आपण मराठी माणसांनी तरी यावर नाक मुरडू नये. 'साहेब आले, ते जेवून जाणार आहेत' म्हणताना किती साहेब असतात? (आपलं ते आदरार्थी, इंग्रजांचं वेगळ्या कारणानं, मान्य. पण एका माणसाला अनेकवचन लावल्यानं आभाळ कोसळत नाही, एवढंच म्हणायचंय.)

हा विषय मला इतका झोंबतो कारण आमच्या सोसायटीची इंग्रजी नियमावली. मसुदा मी केला होता, 'इफ अ मेंबर लूजेस देअर स्टिकर' अशा धर्तीवर. सेक्रेटरीकाका निवृत्त शिक्षक. त्यांनी लाल पेन घेऊन सगळीकडे 'हिज' केलं आणि वर 'अॅग्रीमेंट एरर' (म्हणजे वचन जुळत नाही) असा शेरा मारला. एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसलेही असते. पण क्लबहाऊसच्या कलमात त्यांनी स्वतःहून 'अ मेंबर अँड हिज वाइफ' घातलं. माझा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, मी उभी राहिले आणि विचारलं, "काका, मी वाइफ कुठून आणू?" मागच्या रांगेतल्या बायका खो खो हसल्या. काका तापले. म्हणाले, "ताई, पुल्लिंगात स्त्रीलिंग येतं, कायद्यातच आहे. घरी जाऊन वाचा."

घरी जाऊन वाचलं. आहे खरंच. ब्रिटिश संसदेनं १८५० साली तसं ठरवलं आणि आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम १३ मध्ये तेच आलं. पण ते कलम म्हणतं, की पुरुषवाचक शब्दांत स्त्रिया धरायच्या. 'वाइफ' या शब्दात नवरा धरायचा असं त्यात कुठंही नाही! हे मी काकांना लेखी कळवलं. उत्तर आलं नाही, नियमावली मात्र तशीच छापून आली. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी लॅटिनच्या मापानं इंग्रजी कापायला घेतलं, त्यातलाच हा 'ही'चा आग्रह, आणि आपण तो दोनशे वर्षं घोकतोय. इंग्रजांनी तो कधी धड पाळलाच नाही, कादंबरीकार जेन ऑस्टेननंही नाही.

बाकी तुमच्या कामाचं: 'दे'नंतर क्रियापद 'आर'च येतं, माणूस एक असला तरी, जसं 'यू आर'. 'दे इज' लिहू नका. जी व्यक्ती स्वतःला 'ही' किंवा 'शी' म्हणवून घेत नाही, तिच्यासाठीही हेच सर्वनाम वापरतात. हा उपयोग मात्र खरोखर नवा आहे, मेरियम-वेबस्टर कोशानं तो २०१९ मध्ये घेतला. आणि स्पर्धा परीक्षेला बसणार असाल तर माझं ऐकू नका. तिथं 'एव्हरीवन'पुढे 'देअर' दिसलं की चूक धरणारे अजून आहेत, मार्क जातील. ऑफिसात साहेब अगदीच ऐकत नसतील तर वाक्य फिरवून सरळ अनेकवचनात घ्या, 'ऑल मेंबर्स' वगैरे. तसं केलं की कुणाच्याच बायकोचा प्रश्न येत नाही, हे मी काकांनाही सुचवलं होतं.