92 पर्सेंटाइल, आता पुढं काय?

प्रश्न: ताई, आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले, मुलगी सेकंड पीयूसी म्हणजे कर्नाटकच्या बारावी सायन्सला आहे. जानेवारीच्या जेईई मेनला, इंजिनिअरिंगच्या देशभरच्या परीक्षेला, तिला 92 पर्सेंटाइल पडले, आम्ही पेढे वाटले आणि मग मेव्हणा म्हणतो यात काय मिळत नाही. 92 म्हणजे कमी कसं? केसीईटी म्हणजे कर्नाटकची सीईटी द्यायची का महाराष्ट्राची? कोल्हापूरला शिकायला ठेवली असती तर बरं झालं असतं का?

उत्तर: दादा, मेव्हणे अगदीच खोटं बोलत नाहीयेत. हे 92 टक्के मार्क नव्हेत, तिच्या शिफ्टला बसलेल्या शंभरातली 92 पोरं तिच्या बरोबरीला किंवा मागं आहेत एवढंच. दहा लाख पोरं बसली धरली तर पुढं ऐंशी हजार राहतात, जनरलमधनं एनआयटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची, चांगली ब्रँच तिथवर येत नाही. एप्रिलचं सेशन आहे की अजून, दोन्हीतला चांगला स्कोअर धरतात, देऊ दे.

कोल्हापूरला ठेवली नाही ते एका परीनं बरंच झालं. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या असतात आणि ते ठरतं बारावी कुठल्या राज्यातनं पास झाली त्यावर, घरी मराठी बोलता का कन्नड हे कोण विचारत नाही. म्हणजे तिला कर्नाटकातली सुरतकलची एनआयटी घरची, कोल्हापूरला बारावी केली असती तर नागपूरची.

केसीईटी तर द्यायचीच. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स प्रत्येकी 60 मार्क, निगेटिव्ह नाही, तेव्हा एकपण प्रश्न कोरा सोडू नको म्हणावं. पण इंजिनिअरिंगच्या रँकमधे केसीईटी निम्मीच, उरलेले निम्मे पीयूसीचे याच तीन विषयांचे मार्क, आणि आपल्याकडचे काही क्लासवाले बोर्ड तोंडावर आलं तरी टेस्ट सिरीजच चालवतात ते मला अजिबात पटत नाही.

महाराष्ट्राच्या सीईटीत उलटं, तिथं बारावीचे मार्क पात्रतेपुरते. 200 मार्कांचा पेपर, त्यात निम्मे एकट्या मॅथ्सचे, प्रश्न महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर, म्हणून ती पुस्तकं आणून एकदा वाचायला लावा, पीयूसीच्या पुस्तकांवर भागेल असं धरू नका. मातृभाषा मराठी, राहणं आणि दहावी-बारावी सीमाभागातली असेल तर ॲडमिशनला महाराष्ट्राचेच उमेदवार धरतात, फक्त गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांत आहे का बघा आणि दाखले आत्ताच काढून ठेवा, ॲडमिशनच्या गडबडीत ते होत नाहीत.

प्रश्न: भाचा बेळगाव सेंटरवर मेडिकलची नीट परीक्षा मराठीतनं देऊ शकतो का?

उत्तर: नाही. मराठी पेपर महाराष्ट्रातल्या सेंटरवरच मिळतो, बेळगावात इंग्लिश, कन्नड, हिंदी, उर्दू. मराठीच हवी असेल तर फॉर्म भरतानाच कोल्हापूर टाका. पण पीयूसी इंग्लिशमधे केलेल्या पोराला मराठीतले बायोलॉजीचे शब्द त्याच दिवशी पहिल्यांदा दिसणार असतील तर कशाला, बेळगावलाच द्या.