तुमच्या पत्रात मुलगा कुठे आहे?

(खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. त्यांचे मोठे भाऊ 1987 साली भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले आणि जाफन्याच्या लढाईत बाविसाव्या वर्षी कामी आले. मुलगा आता पीयूसी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. त्याने फौजेत जाऊन ‘घरातली जागा भरून काढावी’ अशी वडिलांची इच्छा, मुलाला मात्र पंपाच्या मोटारी खोलून बसायचा नाद.)

राम राम दादा,

चार पानी पत्रात जवळपास सगळं भावाबद्दल आहे. बेळगावच्या मराठा सेंटरच्या (मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या) भरतीत पहिल्या फटक्यात निवड, आईला ‘भात कापणीला येतो’ म्हणून लिहिलेलं शेवटचं पत्र. वाचताना घसा दाटला. मुलाच्या वाट्याला दीड ओळ आली आहे: टक्के, उंची, छाती. वर नावही काकाचंच ठेवलंय! आजी हाक मारते ती नेमकी कुणाला, हा प्रश्न त्या पोराला कधी ना कधी पडलाच असणार. त्याच्या मार्कांची मला काळजी नाही, या ओझ्याची आहे. भावाचं राहिलेलं आयुष्य त्याच्याकडून पुरं करून घेऊ नका.

‘शहिदाच्या घरचा म्हणून सवलत मिळेलच,’ असं तुम्ही लिहिता. उंची-छातीतली ती सूट सैनिकाच्या, माजी सैनिकाच्या किंवा वीरपत्नीच्या मुलाला असते. रेजिमेंटच्या स्वतंत्र भरतीतही मुलगा नाहीतर सख्खा भाऊ धरतात, पुतण्या त्यात बसत नाही. आणि सूट मिळाली तरी लेखी परीक्षा, 1600 मीटर आणि मेडिकल चुकत नाही. ‘कोट्यातून करून देतो’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थाला एक रुपयाही देऊ नका. शिवाय भावाच्या वेळची भरती आता राहिली नाही. 2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षं, पुढे जास्तीत जास्त 25 टक्के कायम.

मुलाला मनापासून जायचं असेल तर अधिकारी होण्यासाठी एनडीए आहे, अग्निवीर टेक्निकल आहे. नसेल तर केसीईटी (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) देऊन इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आणि सुट्टीत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हात काळे करू दे. फौजेत मशिनरी सांभाळणारी शाखाही असते, पण तिचं नाव मुद्दाम घेत नाही. तुम्ही तेवढंच धरून बसाल.

भावाची आठवण जपायची तर ट्रंकेतली पत्रं पोराला वाचायला द्या. सगळी द्या. उकाड्याची, भिजलेल्या मोज्यांची तक्रार केलेलीसुद्धा. हार घातलेल्या फोटोपलीकडचा काका त्याला ठाऊकच नाही. श्रीलंकेत पडलेल्या जवळपास 1200 जवानांची नावं कोलंबोजवळच्या स्मारकावर आहेत. ते लांब पडेल, पण दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातही त्या मोहिमेतल्यांची नावं कोरलेली आहेत. बापलेक मिळून जा, भावाचं नाव शोधा.

तोवर पहाटेची भरती अकॅडमी बंद. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, पोराला झोपू द्या. पुढचं पत्र त्याचं येऊ दे, मोटारींबद्दल असलं तरी चालेल.