ह्यांचं घोरणं मध्येच थांबतं

प्रश्न : ह्यांची (वय 61) बायपास होऊन पाच आठवडे झाले. जखम छान भरलीय, पण माणूस दिवसभर पेंगतो. पेपर हातात असतानाच डोळा लागतो. रात्री उताणे झोपतात, घोरता घोरता एकदम गप्प होतात. मी अंधारात आकडे मोजते. वीसपर्यंत जातं, मग दचकून श्वास घेतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित झाले होते. मुलगा म्हणतो, बाबा आधीपासूनच घोरतात, त्याचा हृदयाशी काय संबंध?
– एक वाचक, कराड

उत्तर : वहिनी, संबंध आहे, आणि तुमचे ते आकडे माझ्या कामाचे आहेत. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की आम्ही तो मोजतो. असं तासाला पाचाहून जास्त वेळा झालं तर स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार. तिसाच्या वर म्हणजे तीव्र.

झोपेत घसा मिटतो, पण छाती हवा ओढतच राहते. त्या ओढीनं हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, बीपी उसळतं. रात्रभर हेच. बायपासनंतर साधारण तिघांतल्या एकाचे ठोके बिघडतात, अॅप्निया असलेल्यांत हे प्रमाण जास्त दिसतं. ह्यांच्या बाबतीत तेच कारण होतं, असं मात्र मी इथून सांगणार नाही.

पंचाईत अशी, की छातीचं हाड जुळेपर्यंत उताणं झोपा असं आम्हीच सांगतो, आणि घसा मिटायला तीच स्थिती सर्वांत सोयीची! म्हणून पाठीपासून डोक्यापर्यंत उतार करा. नुसती उशी मानेखाली कोंबली तर हनुवटी छातीला टेकते, घसा आणखी दबतो. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. दारू तर नाहीच.

झोपेची तपासणी आता घरीही होते. गरज पडली तर सीपॅप मशीन देतील. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. टाके उसवतील ही भीती नको, ऑपरेशननंतर आयसीयूतही असा दाब देतात. डॉक्टरांकडे जाताना इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट न्या. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर श्वास थांबण्याचं कारण घशात नसून मेंदूच्या इशाऱ्यात असू शकतं, मग मशीनची निवड बदलते. धडधड, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि आज रात्री मोजायचं काम चिरंजीवांना द्या. मोबाईलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ, आवाजासकट. डॉक्टरांना तोच दाखवा.