वाचकांचे प्रश्न : जुनी एम-५ घ्यावी का?

या वेळच्या टपालातील तीन पत्रे एकाच प्रकारच्या गाडीविषयी आहेत : वीस-तीस वर्षांपूर्वीची, मोठ्या इंजिनाची, ऐषआरामी जर्मन सेडान. पहिल्या पत्रातील प्रश्न इतरही अनेकांना पडत असणार, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा असून गेली नऊ वर्षे म्युनिकमध्ये नोकरी करतो. ई-३९ पिढीतील, २००१ सालची बीएमडब्ल्यू एम-५ एका खासगी मालकाकडे विक्रीला आहे. गाडी १,६८,००० किलोमीटर चाललेली असून मालक २९,००० युरो मागत आहेत. मी यासाठी ३२,००० युरो बाजूला काढले आहेत. रोज सहा किलोमीटरवरच्या ऑफिसला याच गाडीने जावे आणि महिन्यातून एकदा ऑस्ट्रियाकडे लांबचा फेरफटका मारावा, असा विचार आहे. मालक सज्जन वाटले. मी पोहोचण्याआधी त्यांनी इंजिन गरमसुद्धा करून ठेवले होते. गाडी सुरेख पळाली. घ्यावी का?

उत्तर : मालकाच्या सौजन्याचा दाखला म्हणून तुम्ही जी गोष्ट लिहिली आहे, तीच मला खटकली. या इंजिनाची दुखणी गार असताना सुरू करतेवेळी ऐकू येतात आणि गरम झाल्यावर त्यांतली बरीचशी लपतात. मालकांचा हेतू वाईट असेल असे नाही, परंतु तुमची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. पुन्हा भेट ठरवा, गाडी रात्रभर बंद राहू द्या अशी आधीच विनंती करा आणि गेल्यावर सर्वप्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहा. ते कोमट लागले, तर चहा घेऊन परत या.

गार इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद डिझेल गाडीसारखी खडखड ऐकू येईल. झडपांच्या उघडझापीची वेळ बदलणारी व्हॅनोस ही यंत्रणा ऑईलच्या दाबावर चालते, आणि तो दाब पुरता तयार होईपर्यंतचा हा आवाज असल्यामुळे तो लवकर विरला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र तो रेंगाळला, किंवा इंजिन गरम झाल्यावर संथ चालीत पुन्हा डोकावू लागला, तर व्हॅनोसचे काम निघाले असे धरून चालावे. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज इंजिनाच्या पुढच्या बाजूने येत असेल, तर संशय टायमिंग चेनच्या, म्हणजे झडपांची हालचाल इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळती ठेवणाऱ्या साखळीच्या, प्लॅस्टिकच्या गाइडवर घ्यावा. ते बदलायचे म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग उघडणे आले, आणि त्या मजुरीपुढे सुट्या भागांची किंमत किरकोळ वाटते. यानंतर गाडी दहा मिनिटे उभ्या जागी चालू ठेवा आणि मागे उभ्या असलेल्या मित्राच्या साक्षीने अॅक्सिलरेटर एकदा दाबा. निळसर धुराचा लोट निघाला, तर इंजिन ऑईल जाळत आहे. सुरुवातीच्या वर्षांतील गाड्यांची ही तक्रार सर्वज्ञात होती. २००० साली पिस्टनच्या रिंगा बदलण्यात आल्या आणि कारखान्याने १०-डब्ल्यू-६० हे जाड ऑईल वापरायला सुरुवात केली. तुमची गाडी २००१ची आहे, ही जमेची बाजू.

आता रोजच्या सहा किलोमीटरविषयी. या एका मुद्द्यावर माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. ४,९४१ सीसीचे हे आठ सिलिंडरचे इंजिन ४०० अश्वशक्ती देते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, आहे आणि गिअरबॉक्स फक्त सहा गिअरचा, हाताने टाकायचा. अशा इंजिनातले ऑईल गरम व्हायला रेडिएटरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. हे चालकाला विसरता येऊ नये म्हणून बीएमडब्ल्यूने मोठी सुंदर सोय केली आहे. टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या गोल मीटरच्या, कडेने बारीक दिव्यांची रांग असते. इंजिन गार असताना ते वरच्या आकड्यांपाशी पेटलेले दिसतात आणि ऑईल तापत जाईल तसे एकेक करून विझत जातात. दिवे विझेपर्यंत त्या आकड्यांच्या वर जायचे नाही, एवढाच संकेत. त्याच गोलात खाली ऑईलच्या तापमानाचा छोटा काटा आहे. सहा किलोमीटरच्या प्रवासात, त्यातही म्युनिकच्या जानेवारीत, हा काटा जेमतेम हलू लागतो तोच ऑफिसचा पार्किंग तळ येतो. ऑईल पुरेसे तापण्याआधीच रोज बंद होणाऱ्या इंजिनात ओल आणि न जळलेले पेट्रोल ऑईलमध्ये साठत राहते. अशा ऑईलचा पहिला फटका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना बसतो. शिवाय एकत्रित सरासरी धरली तरी ही गाडी १०० किलोमीटरला सुमारे १४ लिटर पेट्रोल पिते, आणि शहरात त्याहून बरेच अधिक, तेही ९८ ऑक्टेनचे. ऑफिसला ऊ-बानने, म्हणजे मेट्रोने, जावे.

दुसरी भेट समाधानकारक झाली, तर तिसरी एखाद्या तटस्थ गॅरेजच्या लिफ्टवर ठरवा. याला मालकांनी आढेवेढे घेतले, तर विषय तिथेच संपवावा. गाडी वर गेल्यावर आधी दारांखालची जॅक लावण्याची ठिकाणे पाहा. तिथली प्लॅस्टिकची बैठक काढून बोटाने चाचपावे. वरून रंग धड दिसत असला तरी आतला पत्रा पापडासारखा दबतो का, ते तिथे कळते. मागच्या चाकांच्या कमानी, पेट्रोलच्या झाकणाभोवतीची कड आणि डिकीच्या हँडलच्या वरची पट्टी या गंजाच्या पुढच्या जागा. पुढची चाके धरून ठेवणाऱ्या आर्मचे रबरी बुश चिरलेले असतील, तर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. हे काम मोठे नाही, पण भावात घासाघीस करायला उपयोगी पडते. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट किती जुने आहेत ते विचारा. हे भाग वयानुसार ठिसूळ होतात आणि फुटताना आगाऊ सूचना देत नाहीत, म्हणून जाणकार मालक ते फुटण्याची वाट पाहत नाहीत. क्लच घसरत असेल, तर सोबत ड्युअल-मास फ्लायव्हील, म्हणजे क्लचला जोडलेले इंजिनाचे जड दुहेरी चाक, हेही बदलावे लागेल असे गृहीत धरा.

कागदपत्रांत सर्व्हिस-बुकातल्या शिक्क्यांवर माझा फारसा भरवसा नाही. शिक्का फक्त तारीख सांगतो. गॅरेजची बिले मागा. त्यांवर कोणते ऑईल किती लिटर भरले, कोणता भाग बदलला आणि त्या वेळी मीटर किती होता, हे छापलेले असते. दर दोन वर्षांनी होणाऱ्या तांत्रिक तपासणीच्या, म्हणजे ट्यूफच्या, जुन्या अहवालांतही किलोमीटरची नोंद सापडते. ते आकडे ओळीने मांडले की गाडीचे चरित्र समोर येते. एखाद्या दुव्यात आकडा मागे गेलेला दिसला, तर आणखी काही विचारण्याची गरज नाही. मात्र ताज्या ट्यूफवरून इंजिन निरोगी आहे असा निष्कर्ष काढू नका. ती तपासणी रस्त्यावरील सुरक्षितता आणि प्रदूषण यांपुरती असते, बेअरिंगची झीज तिच्या कक्षेत येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या : जर्मनीत व्यावसायिक विक्रेत्याला वापरलेल्या गाडीतील दोषांची जबाबदारी सहसा किमान एक वर्ष घ्यावी लागते, पण खासगी विक्रेता करारात ती नाकारू शकतो आणि जवळपास प्रत्येक जण नाकारतो. जाणूनबुजून लपवलेला अपघात वेगळा, परंतु तो सिद्ध करणे तुमच्याकडे येते.

राहिला पैशाचा प्रश्न. गाडीची किंमत उतरली म्हणून सुट्या भागांचे दर उतरत नाहीत. नवी असताना ती ज्या वर्गातली होती त्याच वर्गाच्या दराने ते मिळतात. मागची चाके २७५ रुंदीच्या टायरांची, हवेचे माप घेणारे सेन्सर एकाऐवजी दोन, ब्रेकच्या डिस्क अवाढव्य. हे सगळे पाहता ३२,००० पैकी २९,००० युरो खरेदीतच संपवणे मला पटत नाही. पहिल्या वर्षासाठी किंमतीच्या किमान पाव हिस्सा हाताशी असावा. याच गाडीची बिले भरगच्च असतील, क्लच आणि कूलिंगचे काम अलीकडेच झालेले असेल, तर मी थोडा पुढे सरकेन. तसे नसेल, तर आणखी वर्षभर बचत करावी किंवा मालकांशी २५,००० च्या आसपास बोलून पाहावे. घेतलीत, तर वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच चालणारी मोसमी नंबरप्लेट घ्या, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ तिच्या पत्र्याला लागणार नाही आणि त्या महिन्यांचा कर व विम्याचा हप्ताही वाचेल.

प्रश्न : फ्रँकफर्टहून आम्ही पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परतत आहोत. माझ्या यजमानांनी सहा वर्षे जीवापाड जपलेली अशीच एम-५ सोबत नेता येईल का? त्यांना विचारले की ते विषय बदलतात.

उत्तर : त्यांनी चौकशी आधीच केलेली असणार. वापरलेली गाडी भारतात आणायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये आणि तिचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असले पाहिजे. तुमची गाडी दोन्ही अटींवर बाद ठरते. स्टिअरिंग बदलून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याने वयाची अट सुटत नाही, हे त्याला सांगावे. विंटेज गाड्यांसाठीची सवलत वेगळी आहे, पण या वयाची गाडी तिच्यातही बसत नाही.

दोन मार्ग राहतात. पहिला विक्रीचा, सहा वर्षांची बिले असलेल्या गाडीला चांगले घर मिळते. दुसरा म्हणजे जर्मनीत एखाद्या विश्वासू मित्राच्या कोरड्या गॅरेजमध्ये नोंदणी तात्पुरती बंद करून ती ठेवणे. पहिल्या नोंदणीला तीस वर्षे झाली आणि गाडी मूळ रूपात व चांगल्या स्थितीत असली, की तिला ऐतिहासिक वाहनाची एच-नंबरप्लेट मिळू शकते. तोवर ठेवायचीच असेल, तर टाकी पूर्ण भरावी, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवावी, बॅटरी सोडवून ठेवावी आणि ऑईल बदलूनच गाडी उभी करावी, कारण वापरलेल्या ऑईलमधील आम्ल वर्षानुवर्षे बेअरिंगवर बसून राहणे चांगले नाही. ‘अधूनमधून पाच मिनिटे सुरू करत जा’ असे मित्राला मुळीच सांगू नका.

प्रश्न : माझे वडील पिंपरीला टेल्कोत होते. १९९५ साली तिथे डब्ल्यू-१२४ मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून त्या आकाराचे वेड आहे. आता मी श्टुटगार्टला राहतो आणि त्याच गाडीचे थोरले भावंड, १९९३ सालची ५०० ई, पाहिली आहे. विक्रेता अभिमानाने सांगतो की वायरिंगसकट सर्व काही मूळचे आहे. हे चांगलेच ना?

उत्तर : आसने, रंग, चाके मूळची असणे चांगले. वायरिंग मूळचे असणे हा या विशिष्ट वर्षांत दोष आहे. साधारण १९९२ ते १९९५ दरम्यानच्या मर्सिडीजच्या इंजिनांवरील तारांना जे आवरण वापरले गेले, ते उष्णतेने सुकून ठिसूळ होते आणि गळून पडते. मग उघड्या तारा एकमेकींना लागतात, इंजिन कधी अडखळते, कधी संगणकाचा महागडा डबा जळतो. विक्रेत्याच्या परवानगीने इंजिन बंद असताना एखाद्या कनेक्टरपाशी बाहेरची रबरी नळी थोडी मागे सरकवा आणि आतली तार अगदी हलकेच वाकवून पाहा. आवरण लवचिक राहिले तर ठीक. शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे बोटावर आले, तर संपूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, बदलण्याचा खर्च भावातून वजा करा. थ्रॉटलच्या यंत्रणेतील तारांनाही हेच दुखणे असते आणि हार्नेस बदलणारे पुष्कळदा तिकडे लक्ष देत नाहीत. बदललेल्या हार्नेसवर त्याच्या निर्मितीची तारीख असलेली चिठ्ठी असते. विक्रेत्याचे बोलणे खरे की त्याला आधीच्या मालकाने केलेले काम ठाऊकच नाही, याचा उलगडा तिच्यावरून होईल. बऱ्याचदा दुसरी शक्यता खरी निघते, आणि मग अभिमानाने सांगितलेल्या त्या वाक्याचा तुम्हाला फायदाच होतो.

बाकी गाडीविषयी तुमचे वेड मला समजते. फुगीर मडगार्डांमुळे ही गाडी मर्सिडीजच्या सिंडेलफिंगन कारखान्यातील नेहमीच्या जुळणीच्या ओळीत मावत नव्हती, आणि पोर्शेकडे त्या काळात काम कमी होते. म्हणून तिची जुळणी तुमच्या शेजारच्या त्सुफेनहाउसेनमध्ये पोर्शेने केली, रंगकामासाठी ती सिंडेलफिंगनला गेली आणि पुन्हा त्सुफेनहाउसेनला आली. १९९० ते १९९५ या काळात अशा १०,४७९ गाड्या बनल्या. पाच लिटरचे इंजिन एम-५च्या तुलनेत सोशिक आहे आणि वायरिंग सोडले तर घाबरण्यासारखे फारसे नाही. मागचे हायड्रॉलिक सस्पेन्शन तेवढे तपासा : डिकीचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी जराही झुलली नाही, दगडासारखी कडक राहिली, तर त्यातले धक्के शोषणारे वायूचे गोळे संपले आहेत. ते बदलणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तीस वर्षे पूर्ण झालेली असल्याने एच-नंबरप्लेटचा अर्ज तुम्हाला लगेच करता येईल आणि वर्षाचा कर १९१ युरोंवर येईल. आणि मागे दोनच जण बसतात, कारण मधोमध तिसऱ्या आसनाची जागाच ठेवलेली नाही, हे घरात खरेदीपूर्वी सांगून ठेवावे.