फॉरेन्सिकला नोकरी आहे का हो?

हडपसरहून मायलेकी करिअरचा सल्ला विचारायला माझ्याकडे आल्या होत्या. मुलगी बारावी सायन्स झालेली, नीटचे मार्क एमबीबीएसला पुरणारे नव्हते. तिला फॉरेन्सिक सायन्स, म्हणजे गुन्ह्यातल्या पुराव्यांची शास्त्रीय तपासणी, करायचं होतं. आईच्या शंका दोन: पुढे नोकरी मिळेल का, आणि पोरीला प्रेतं चिरावी लागतील का?

दुसरी आधी मिटवली. शवविच्छेदन डॉक्टर करतात. त्यासाठी एमबीबीएसच लागतं, पुढे फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी. प्रयोगशाळेत येतो तो बातम्यांमधला 'राखून ठेवलेला' व्हिसेरा, म्हणजे विष तपासायला काढलेले आतल्या अवयवांचे भाग, मिठाच्या संपृक्त द्रावणात, सीलबंद बरणीत. "फॉर्मॅलिनमध्ये का नाही?" मुलीनं लगेच विचारलं. फॉर्मॅलिनमुळे काही विषं सापडणं अवघड होतं, म्हटल्यावर तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मला पोर तिथेच आवडली. मालिका बघून येणारी मुलं आधी बंदुकीचं विचारतात.

नोकरीचं मात्र गोड बोलून चालणार नव्हतं. पुण्यात सरकारी प्रादेशिक न्यायसहायक (म्हणजे फॉरेन्सिक) प्रयोगशाळा आहे, मुख्यालय मुंबईत कलिन्याला. पण जागा मोजक्या, आणि जाहिरात निघेल तेव्हा खरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. पण माणसं लागणं आणि भरती होणं यांत आपल्याकडे किती अंतर असतं, हे आईला मी सांगायची गरज नव्हती.

म्हणून माझं मत: आधी बी.एस्सी. केमिस्ट्री, मग एम.एस्सी. फॉरेन्सिक. विषविश्लेषणाला केमिस्ट्रीच लागते. डीएनएकडे ओढा असता तर बायोलॉजी म्हटलं असतं, सायबरकडे असता तर कॉम्प्युटर. एम.एस्सी.ला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला फॉरेन्सिकचं राष्ट्रीय विद्यापीठ आहे. आणि नाहीच जमलं, तर केमिस्ट्रीवाल्याला औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलचं दार उघडं राहतं. खासगी कॉलेज बघितलंच, तर माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रयोगशाळा दाखवा म्हणायचं.

"कोर्टात उलटतपासणीला उभी राहशील?" मी मुलीला विचारलं. "वकील चिडवतात?" "मुद्दाम." ती हसली.

आईचं मन अजून नीटमध्येच. "रिपीटर बॅचचे पैसे भरलेत हो, त्याचं काय?"

"ताई, ते क्लासवाल्यांशी बोला. बी.एस्सी.चा फॉर्म मात्र आजच भरा, मुदत संपत आलीय."