परीक्षक खरंच आधी उलटी बाजू बघतात का?

प्रश्न : ताई, गेली दोन वर्षं फावल्या वेळात मी फुलीटाक्याचं (क्रॉस स्टिच) एक मोठं चित्र भरत होते. पाण्याकाठची झाडं आहेत, हिरव्याच्याच अकरा छटा आहेत. आता ते प्रदर्शनातल्या स्पर्धेत दे म्हणून घरचे मागे लागलेत. पण मागची बाजू बघितली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, दोऱ्यांचं नुसतं जंगल आहे. मैत्रीण म्हणते, परीक्षक आधी उलटी बाजूच बघतात. फ्रेम करून झाकून टाकू का? शिवाय नमुना माझा नाही, तयार किटमधला आहे. मग हे काम माझं म्हणता येईल का?

उत्तर : तुम्ही ते चित्र द्याच. दोन वर्षं बसून भरलेलं काम कपाटात ठेवू नका.

मी बरीच वर्षं अशा स्पर्धांचं परीक्षण केलं आहे. उलटी बाजू बघायची की नाही, हे वस्तूवर ठरतं. टेबलक्लॉथ, रुमाल, शाल या वस्तू वापरताना मागूनही दिसतात, म्हणून त्या आम्ही हमखास उलटून बघतो. फ्रेममधलं चित्र सहसा कोणी उघडत नाही. तरीही मागचा पसारा पुढे डोकावतोच. गडद दोरा पांढऱ्या मोकळ्या कापडामागून ओढत नेला असेल, तर पुढून राखाडी रेघ दिसते. मागे गाठ मारली असेल, तर कापड ताणून बसवल्यावर तिथे बारीक फोड येतो.

म्हणून असं करा. कापड दिवसा खिडकीच्या काचेवर धरा आणि पुढून बघा. जे दोरे आरपार दिसतात, तेवढेच कापा आणि त्यांची टोकं जवळच्या चार-पाच टाक्यांखालून ओवून घ्या. टोक फारच आखूड राहिलं, तर आधी रिकामी सुई टाक्यांखाली सरकवा आणि मग नेढ्यात दोरा घाला. बाकीचं जंगल राहू द्या. ते सगळं निस्तरायच्या नादात चांगले टाके उसवलेले मी पाहिलेत.

आता सुलट बाजू. फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला हवा. आम्ही आधी हेच शोधतो. चित्र तिरप्या उजेडात धरा. उलट्या दिशेची फुली वेगळी चमकते, लगेच सापडते. तेवढी एकच काढून पुन्हा घाला.

मग धुणं. धुवायला बायका घाबरतात, पण दोन वर्षांचं हाताचं तेल आणि रिंगचा गोल डाग धुतल्याशिवाय जात नाही. आधी लाल आणि गडद दोऱ्यांवर ओला पांढरा कापूस दाबून बघा. रंग लागला नाही, तर थंड पाणी, सौम्य साबण, आणि चोळायचं अजिबात नाही. कधी रंग सुटलाच, तर कापड वाळू देऊ नका. पाणी नितळ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळत राहा. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा, जाड टॉवेलावर पालथं घाला आणि मागून इस्त्री करा. पुढून फिरवली की टाके चपटे होतात.

इस्त्रीआधी पेनच्या खुणा पूर्ण निघाल्यात ना, हे मात्र नक्की बघा. पाण्याने जाणारा निळा पेन वापरून मी एकदा पांढऱ्या कापडावर वेल आखली होती. कापड नुसतं ओलसर केलं, निळं गेलंसं वाटलं, आणि गरम इस्त्री फिरवली. काठाकाठाने तपकिरी रेघ उमटली आणि ती कायमची राहिली. चार महिन्यांचं काम होतं. तेव्हापासून भरपूर साध्या पाण्यात बुडवल्याशिवाय मी इस्त्री हातात घेत नाही. उष्णतेने पुसले जाणारे पेनही सांभाळून वापरा, त्यांच्या रेघा थंडीत परत दिसू लागतात.

फ्रेम करताना कापड पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवू देऊ नका. वर्षं गेली की ते पिवळं पडतं. आम्लविरहित पुठ्ठा घ्या आणि मागच्या बाजूने या काठापासून त्या काठापर्यंत दोरा ओढून कापड ताणा. कापडातला उभा धागा फ्रेमच्या कडेला समांतर हवा. फुल्यांची ओळ तिरकी गेली, तर ती सगळ्यांना दिसते. काच टाक्यांना टेकू देऊ नका. काही ठिकाणी काच चालतच नाही, म्हणून फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी नियमपत्रक वाचा.

किटचं म्हणाल, तर टाके तुमचे आहेत, तेव्हा काम तुमचंच आहे. पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या नमुन्याचा विभाग वेगळा असतो, त्यात मात्र देऊ नका. अर्जात सरळ लिहा, ‘नमुना किटमधला, भरतकाम माझं’. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं काम बाद करताना मला फार वाईट वाटलंय. त्यातली कितीतरी कामं सुंदर होती, फक्त चुकीच्या विभागात आली होती.

प्रश्न : क्रोशाची शाल दिली तर चालेल का? कडा वळतात, कितीही इस्त्री केली तरी.

उत्तर : इस्त्री बंद करा! आधी लोकरीच्या गुंड्यावरचा कागद बघा. अॅक्रिलिक असेल, तर उष्णतेने धागा लुळा पडतो, मग तो पूर्ववत होत नाही. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात न चोळता भिजवा, टॉवेलात टिपून घ्या, गादीवर मापाप्रमाणे पसरा आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी कडा ताणून टोचा. पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. अॅक्रिलिकची शालही भिजवून अशीच टोचून वाळवा, पण कडा तेवढ्या आज्ञाधारक राहत नाहीत. तरीही वळत असतील, तर काठाच्या ओळीत खांब (क्रोशाचे उभे टाके) कमी पडलेत का ते मोजा. पडले असतील, तर ती ओळ उसवून पुन्हा विणणं हाच उपाय. आणि वापरलेली शाल देऊ नका, बहुतेक ठिकाणी ती घेत नाहीत.

प्रश्न : माझ्या गोधडीला बक्षीस नाही मिळालं. कागदावर फक्त ‘कडा बघा’ एवढंच लिहिलंय.

उत्तर : कडेची पट्टी दोन बोटांत धरून चारी बाजूंनी चालवत न्या. कुठे आतून पोकळ लागली, तर तिथे गोधडीचं टोक पट्टीच्या दुमडीपर्यंत पोचलेलं नाही. कोपऱ्यातली तिरकी घडी नुसती दाबलेली आहे की शिवलेली, तेही बघा. ती दोन्ही बाजूंनी शिवून बंद करायची असते. टांगायची असेल तर मागे वरच्या काठाला साधारण 10 सेंटिमीटर रुंदीची कापडी नळी शिवा. तिचे टाके पुढे उमटले नाहीत ना, ते उलटून तपासा.