इग्वाना पाळताय? काचेतून येणारं ऊन कामाचं नाही

इग्वाना म्हणजे परदेशातून आलेला मोठा सरडा. त्याच्याबद्दल येणाऱ्या पत्रांत ऊन, खाणं आणि 'आता सांभाळणं होत नाही' हेच तीन विषय फिरून फिरून येतात. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देते.

दुकानदार म्हणतो, लहान टाकीत ठेवला की इग्वाना दीड फुटाचाच राहतो. खरं आहे का? (ठाणे)

खोटं आहे. नीट वाढलेला हिरवा इग्वाना शेपटीसकट ५ फुटांच्या पुढे जातो आणि १५ वर्षंही जगतो. लहान राहिला, तर तो उपासमारीने किंवा आजाराने खुंटलेला असतो.

ताकद यावी म्हणून उकडलेलं अंडं द्यावं का? (सांगली)

नाही. तो पालाच खाणारा प्राणी आहे. मांस-अंड्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो.

पिल्लू ८ महिन्यांचं आहे. खिडकीशी ठेवतो, रोज ऊन मिळतं. पालक, काकडी खातं. मांड्या छान भरल्यात, पण मागचे पाय थरथरतात. ओळखीचे म्हणतात, कॅल्शियमची पावडर द्या. (पुणे)

आजच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा, तोही सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

ज्या मांड्या तुम्हाला भरलेल्या वाटताहेत, त्यांचीच मला काळजी वाटते. मागच्या पावसाळ्यात असंच एक 'गुटगुटीत' पिल्लू माझ्या तपासणीच्या टेबलावर आलं होतं. खालच्या जबड्याला बोट लावलं तर तो खोडरबरासारखा वाकला. एक्स-रेत मांडीचं हाड धड दिसेना. शरीराला कॅल्शियम मिळेना, की ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. हाड पोकळ होतं, त्याला सावरायला भोवती तंतूंचा थर चढतो, आणि आपल्याला वाटतं बाळसं धरलं.

असं का होतं? खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागायला ड३ जीवनसत्त्व लागतं. ते इग्वानाच्या त्वचेत तयार होतं उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे, आणि साधी खिडकीची काच हे किरण अडवते. म्हणजे तुमच्या पिल्लाला उजेड मिळाला, ऊब मिळाली, ऊन मिळालंच नाही. त्यात पालक! पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. काकडीत पाण्यापलीकडे फारसं काही नाही. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, किसलेला लाल भोपळा हे द्या.

दुकानात 'इग्वानाचा दिवा' म्हणून लाल बल्ब गळ्यात मारतात, त्याची मला मनस्वी चीड आहे. तो फक्त ऊब देतो. यूव्हीबीची ट्यूब वेगळी मागा. ती पेटत असली तरी ६ ते १२ महिन्यांत तिचे किरण उतरतात, म्हणून विकत घेतल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. शेकायच्या फांदीवर ३२ ते ३५ अंश तापमान हवं. बाहेर ऊन देताना जाळीचा पिंजरा वापरा, अर्धा सावलीत राहू द्या. काचेच्या टाकीत तो भाजून निघेल. आणि कोवळं ऊन पुरतं, ही ऐकीव गोष्ट. अगदी सकाळच्या उन्हात हे किरण फार थोडे असतात.

राहिली पावडर. ती किती, कोणती, इंजेक्शन लागेल का, हे रक्त तपासून आणि एक्स-रे बघून ठरतं. ड३ जास्त झालं तर तेही घातक. मनाने देऊ नका. तोवर त्याला चढू देऊ नका. पडला तर हाड मोडेल.

शेजारी घर सोडून गेले, इग्वाना गच्चीतल्या पिंजऱ्यात ठेवून. डोळे खोल गेलेत. आम्ही घरी आणलाय. (नाशिक)

चांगलं केलंत. आधी ऊब द्या, मग खांद्यापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा, जवळून हलू नका. उपाशी आहे म्हणून लगेच पाल्याचा ढीग पुढे ठेवू नका. ऊब आणि पाणी मिळाल्यावर खाणं थोडं थोडं सुरू होतं, तेही डॉक्टरांनी तपासल्यावर. शेपटी धरून उचलू नका, तुटते. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब करणारा जंतू असू शकतो. ५ वर्षांखालच्या मुलांना लांबच ठेवा.

शिवाय हा विदेशी, वन्यजीव कायद्याच्या यादीतला प्राणी आहे. २०२४च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते. तुमच्याकडे कागद नाहीत, तेव्हा तो कसा मिळाला हे वनखात्याला आधी कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा वनखात्याचा फोन आहे.

आता झेपत नाही. फार्महाउसच्या मागे रान आहे, तिथे सोडला तर? (पनवेल)

मुळीच नाही. एकतर तो मरेल, नाहीतर तग धरेल, आणि ते जास्त वाईट. फ्लोरिडात असेच सुटलेले इग्वाना कालव्यांचे काठ पोखरतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर २०१८पासून १० लाखांहून जास्त मारावे लागले. नवं घर शोधा, डॉक्टरांना विचारा, वनखात्याशी बोला. नव्या माणसाच्या नावे नोंद झाल्याशिवाय हवाली करू नका.

मादी ४ दिवस खात नाही, कोपरे उकरते, पोट फुगलंय. नर नाही, म्हणजे अंडी नसणार ना? (कोल्हापूर)

नराशिवायही अंडी होतात, आणि अडकली तर जीव जातो. अंडी घालायला ओलसर माती-वाळूचा खोल डबा आत्ताच ठेवा आणि आजच एक्स-रे काढून घ्या. मलूल पडली असेल तर डब्याचीही वाट बघू नका, थेट दवाखान्यात न्या.